त्याला ‘नाही’ म्हणायला शिकव

तुझा असेंब्लर मी चालवून पाहिला. तू सोबत दिलेल्या प्रोग्रॅमवर नाही. त्याच्यावर तो चालणार हे मला ठाऊकच होतं. मी त्याला अशी एक ओळ दिली जी ६५०२ या प्रोसेसरच्या कोणत्याही असेंब्लरने घेताच कामा नये: ‘एसटीए #$१०’. म्हणजे ॲक्युम्युलेटरमधली किंमत साठव, आणि कुठे, तर १० या नुसत्या आकड्यात. आकडा म्हणजे जागा नव्हे, त्यात काही ठेवता येत नाही. तुझ्या असेंब्लरने हूं की चूं न करता $८९ आणि $१० असे दोन बाइट काढून दिले आणि खाली ‘असेंब्ली यशस्वी’ अशी हिरवी ओळ छापली.

या फाइलवर मी आज सही करणार नाही. का करणार नाही ते नीट ऐक, आणि मध्येच ‘पण मॅडम, आउटपुट येतोय ना’ म्हणू नकोस. आउटपुट येतोय हीच माझी तक्रार आहे.

ते $८९ कुठून आलं ते मला कळलंय. ओआरए, अँड, ईओआर, एडीसी, एसटीए, एलडीए, सीएमपी, एसबीसी या आठ सूचनांचे ऑपकोड एका साच्यात बसतात. पहिले तीन बिट सूचना कोणती ते सांगतात, मधले तीन बिट ॲड्रेसिंग मोड कोणता ते सांगतात, शेवटचे दोन बिट ०१. हे तू कुठेतरी वाचलंस, तुला आवडलं, आणि तक्ता लिहायचा कंटाळा म्हणून तू सूत्र लिहिलंस. एलडीए इमीजिएटला ते बरोबर $ए९ देतं. तेच एसटीएला लावलं की $८९ येतं, आणि ६५०२ च्या तक्त्यात $८९ च्या जागी कोणतीही सूचना नाही. बरं, चिप तरी ओरडते का? नाही. ती पुढचा बाइट वाचते आणि काहीही न करता पुढे सरकते. असेंब्लर गप्प, चिप गप्प. खेळणाऱ्याचा स्कोअर मात्र कधी साठतच नाही, आणि गेम लिहिणारं पोर रात्रभर स्वतःच्याच लॉजिकमध्ये खोट शोधत बसतं. त्याच्या लॉजिकमध्ये खोट नव्हतीच. ती तू केलीस, आणि त्याला कळू दिली नाहीस.

६५०२ ला ५६ सूचना आहेत आणि १३ ॲड्रेसिंग मोड. आडवे-उभे मांडले तर ७२८ चौकटी होतात. त्यातल्या १५१ भरलेल्या आहेत, ५७७ रिकाम्या. तू भरलेल्यांकडे पाहिलंस आणि रिकाम्यांना विसरलास. असेंब्लरचं निम्म्याहून जास्त ज्ञान त्या रिकाम्या चौकटींत आहे. एसटीए इमीजिएट नाही. एसटीएक्स ॲब्सोल्यूट-वाय नाही. जेएमपीला इंडायरेक्ट आहे, जेएसआरला नाही. हे ‘नाही’ ज्याला माहीत नाही तो असेंब्लर नव्हे. डॉक्टरची चिठ्ठी वाचता आली नाही तर कंपाउंडरने मिळतंजुळतं औषध बांधून द्यायचं नसतं, चिठ्ठी परत पाठवायची असते. तुझा प्रोग्रॅम मिळतंजुळतं बांधून देतो.

दुसरी ओळ दिली: ‘एलडीए $१०,वाय’. एलडीएला झीरो पेज-एक्स आहे, झीरो पेज-वाय नाही. तो मोड फक्त एलडीएक्स आणि एसटीएक्सला आहे. इथे मात्र नकार द्यायची गरज नाही, कारण सरळ वाट आहे: तीन बाइटांचा ॲब्सोल्यूट-वाय घ्यायचा, $बी९ $१० $००. तुझ्या असेंब्लरने काय दिलं? $बी५ $१०. म्हणजे एलडीए $१०,एक्स! तुझ्या पार्सरला स्वल्पविराम दिसला, त्याच्या पुढे एक अक्षर दिसलं, ते एक्स आहे की वाय हे त्याने विचारलंच नाही. लिहिणाऱ्याने वाय म्हटलं आणि तू एक्स ऐकलंस. ही चूक मी हाताने बाइट वाचले म्हणून सापडली. तू तुझं आउटपुट एकदा तरी बाइट-बाइट वाचलं होतंस का? खरं सांग. नाही वाचलंस. इम्युलेटरमध्ये पडदा निळा झाला, चेंडू हलला, आणि तू लॅपटॉप मिटलास.

आता मूळ दुखण्याकडे येते. तिसऱ्या वर्षाला सिस्टिम प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला टू-पास असेंब्लर असतो. आयआयटी मुंबईच्या प्रा. ढमढेरे यांच्या पुस्तकातलं काल्पनिक यंत्र, मूव्हर, मूव्हेम, एआरईजी, बीआरईजी, सिम्बॉल टेबल, लिटरल टेबल, पूल टेबल. फार विचार करून बेतलेलं यंत्र आहे ते. शिकणाऱ्याचं लक्ष दोन पासांकडे राहावं म्हणून त्यात प्रत्येक सूचना एकाच शब्दात बसते. लोकेशन काउंटर प्रत्येक सूचनेमागे एकने वाढतो. ते यंत्र तुला विचार करायला शिकवण्यासाठी होतं, आणि तू काय केलंस? सीनियरची जावाची फाइल घेतलीस, नाव बदललंस, जर्नल भरलंस, एक्स्टर्नलसमोर तीन वाक्यं म्हणून दाखवलीस आणि मार्क घेतलेस. त्या वेळी मी तिथे नव्हते. आज आहे. तेव्हा जे शिकायचं टाळलंस ते या प्रोजेक्टमध्ये ओळीओळीला उघडं पडलंय.

कारण ६५०२ वर सूचनेची लांबी एक बाइट असते, दोन असते, नाही तर तीन असते. ती सूचनेच्या नावावरून कळत नाही, ॲड्रेसिंग मोडवरून कळते. आणि मोड कधीकधी अशा लेबलवर अवलंबून असतो ज्याची किंमत तुला अजून माहीत नाही. लेबलची किंमत कळायला लांबी हवी, लांबी कळायला लेबलची किंमत हवी. दोन पास कशासाठी असतात हा प्रश्न इथे खराखुरा उभा राहतो. ढमढेऱ्यांच्या यंत्रात पहिल्या पासला फक्त पत्ते टिपायचे होते, इथे त्याला निर्णय घ्यावा लागतो. तू तो घेतला नाहीस. पहिल्या पासमध्ये किंमत ठाऊक नसलेलं लेबल दिसलं की तीन बाइट धरलेस, आणि दुसऱ्या पासमध्ये किंमत २५६ च्या आत निघाली की शहाणपणा करून दोन बाइटांची झीरो पेजची सूचना काढलीस. दोन पासांत दोन वेगळी माणसं बसल्यासारखं झालं आणि ती एकमेकांशी बोललीच नाहीत.

बघ काय होतं ते. वही घे, लिही. कोड $८००० पासून.

एलडीए स्कोअर
फेरी: एलडीएक्स #$००
…
जेएमपी फेरी
…
स्कोअर = $२०

पहिल्या पासने पहिल्या ओळीला तीन बाइट धरले, म्हणून ‘फेरी’ $८००३ ला टिपलं. दुसऱ्या पासला स्कोअर $२० आहे हे कळलं, त्याने $ए५ $२० असे दोनच बाइट काढले. आता एलडीएक्स खरं तर $८००२ ला बसलंय: $८००२ ला $ए२ आणि $८००३ ला $००. जेएमपी फेरी मात्र $४सी $०३ $८० झालं. प्रोसेसर $८००३ वर उडी मारतो. तिथे काय आहे? शून्य. सूचनेचा अर्धा भाग. पण शून्य हा ६५०२ वर ऑपकोड आहे, बीआरके. तो स्टॅकवर पत्ता आणि फ्लॅग ढकलतो आणि $एफएफएफई वरचा इंटरप्ट व्हेक्टर धरून निघून जातो. तू तो व्हेक्टर रिकामा ठेवलायस, म्हणजे तो रॅमच्या पहिल्याच बाइटवर, $०००० वर जाऊन पडतो आणि तिथल्या व्हेरिएबल्सना सूचना समजून चालवत सुटतो. एका बाइटच्या चुकीने संपूर्ण यंत्र भरकटलं. तुझ्या नमुना प्रोग्रॅममध्ये हे दिसलं नाही, कारण त्यात तू सगळे व्हेरिएबल योगायोगाने वर लिहिले होतेस.

इलाज सांगते, तोही अवघड नाही. पहिल्या पासमध्ये लेबलची किंमत ठाऊक नसेल तर ॲब्सोल्यूट धर, आणि तो निर्णय त्या ओळीसोबत लिहून ठेव. दुसऱ्या पासने तो निर्णय पाळायचा, बदलायचा नाही. एक बाइट जास्त गेला तर जाऊ दे. ज्याला तो वाचवायचा असेल त्याने झीरो पेजचे व्हेरिएबल वर लिहावेत. हे तुझ्या माहितीपत्रकात स्पष्ट लिही. आणि दुसऱ्या पासमध्ये प्रत्येक लेबलपाशी थांबून लोकेशन काउंटर ताडून बघ. पहिल्या पासमधला पत्ता आणि आत्ताचा पत्ता जुळला नाही तर तिथेच थांब, ओळीचा नंबर दे, आणि एकही बाइट फाइलमध्ये लिहू नकोस. ही तपासणी दोन ओळींची आहे. त्या दोन ओळी तू लिहिल्या असत्यास तर ही चूक तुझी तुलाच सापडली असती.

ब्रँच सूचनांचं तर विचारूच नकोस. बीएनई, बीईक्यू वगैरे आठही सूचना अंतर मोजतात, पत्ता ठेवत नाहीत. अंतर पुढच्या सूचनेपासून मोजायचं, आणि ते उणे १२८ ते अधिक १२७ मध्ये बसलं पाहिजे. पुढच्या सूचनेपासून मोजायचं हे तू बरोबर केलंस, हे मी मान्य करते. मग १३० बाइट पुढची उडी मी दिली तेव्हा तू काय केलंस? २५५ शी ‘अँड’ करून मोकळा झालास. १३० म्हणजे $८२, आणि प्रोसेसर $८२ ला उणे १२६ म्हणून वाचतो. पुढे जायचं होतं, तो मागे गेला. मास्क लावला की आकडा एका बाइटमध्ये बसतो, एरर जाते, आणि तुझं मन शांत होतं. प्रत्येक ठिकाणी तू हेच केलंयस. एरर आली की कारण शोधण्याऐवजी एररचं तोंड बंद केलंस.

आणि तुझ्या रिपोर्टमध्ये ‘भविष्यातील सुधारणा’ म्हणून एक ओळ आहे: लांबची ब्रँच असेंब्लरने आपोआप उलटी करून तिच्या मागे जेएमपी घालावी. ते करू नकोस. मोठ्या मशीनसाठी ते ठीक असेल, इथे नाही. तुझा असेंब्लर ज्यासाठी आहे ते यंत्र निन्टेन्डोचं फॅमिकॉम आहे, १९८३ चं, आत रिकोचा २ए०३, म्हणजे ६५०२ चाच भाऊ, अमेरिकेच्या आणि जपानच्या टीव्हीसाठी १.७९ मेगाहर्ट्झ. पडद्यावरचं चित्र बदलायला व्ही-ब्लँकमध्ये प्रोसेसरला सुमारे २२७३ सायकल मिळतात. त्यातल्या ५१३ किंवा ५१४ स्प्राइटची माहिती एकगठ्ठा पाठवण्यातच जातात. उरलेल्यांत लिहिणारा एकेक सायकल मोजून कोड बसवतो. ब्रँच घेतली नाही तर २ सायकल, घेतली तर ३, पान ओलांडलं तर ४, जेएमपीला ३. हा हिशेब त्याने डोक्यात आणि वहीत ठेवलेला असतो. तू त्याला न विचारता सूचना घुसवल्यास तर त्याचा हिशेब मोडतो आणि चित्र फाटतं. अंतर जास्त होतंय, इतक्या बाइटने होतंय, एवढं सांग. पुढचं तो ठरवेल. प्रोग्रॅम त्याचा आहे.

डेसिमल मोडबद्दल एक शब्द. रिकोच्या चिपमध्ये दशमान बेरीज नाही, म्हणून तू एसईडी आणि सीएलडी या दोन्ही सूचना तक्त्यातून गाळल्यास. अर्धवट वाचनाचा हा उत्तम नमुना. बेरीज-वजाबाकी करणारा भाग त्या फ्लॅगकडे दुर्लक्ष करतो हे खरं, पण सूचना आहेत, फ्लॅगही चढतो-उतरतो. फॅमिकॉमचे कितीतरी प्रोग्रॅम रीसेटनंतर एसईआय आणि सीएलडीनेच सुरू होतात, $७८ $डी८. म्हणजे लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेला कोड तुझ्या असेंब्लरला दुसऱ्याच ओळीवर परका वाटतो. जिथे हो म्हणायचं तिथे नकार आणि जिथे नकार द्यायचा तिथे हो.

तू हा विषय स्वतः निवडलास तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही ऐक. पन्नास पोरं तीच हजेरीची आणि लायब्ररीची सॉफ्टवेअरं घेऊन येतात, आणि एक जण येऊन म्हणतो की मला त्या जुन्या व्हिडिओ गेमच्या चिपचा असेंब्लर लिहायचाय. तुझ्या आई-वडिलांच्या पिढीने नव्वदच्या दशकात टीव्हीच्या मागे वायर खोचून, पिवळी-काळी कॅसेट दाबून जे मारिओ आणि कॉन्ट्रा खेळले, ती यंत्रं बहुतेक या फॅमिकॉमच्याच नकला होत्या. आतला प्रोसेसर याच सूचना पाळत होता. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची संपूर्ण कॅसेट ४० किलोबाइटची, ३२ कोडचे आणि ८ चित्रांचे. तुझ्या रिपोर्टच्या मुखपृष्ठावरचा लोगो त्याहून मोठा आहे. इतक्या थोड्या जागेत बसलेली वस्तू माणूस पूर्ण समजून घेऊ शकतो. आजच्या प्रोसेसरबद्दल हे कुणाला म्हणता येणार नाही. ६५०२ मात्र एका माणसाच्या डोक्यात शेवटच्या बिटापर्यंत मावतो. मावत असताना तू तो अर्धाच भरलास, याचा मला राग आहे.

१९७५ साली मॉस टेक्नॉलॉजीने ही चिप सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्कॉन प्रदर्शनाच्या वेळी २५ डॉलरला विकली. ती घेणाऱ्यांत स्टीव्ह वॉझनियाक होता. त्याच्याकडे असेंब्लर नव्हता, संगणकाचा वेळ भाड्याने घ्यायला पैसे नव्हते. त्याने बेसिकचा इंटरप्रिटर कागदावर लिहिला आणि एकेक सूचना हाताने हेक्समध्ये उतरवली. प्रत्येक बाइट त्याच्या डोळ्यांखालून गेला होता. पुढे ॲपल टू मध्ये त्याने छोटा असेंब्लर घातला, त्यात लेबलंसुद्धा नव्हती. एक ओळ घ्यायची, एका ओळीचे बाइट द्यायचे, ओळ चुकली तर भोंगा वाजवायचा. तुझा असेंब्लर लेबलं, कॉमेंट, मॅक्रोचा आव आणतो आणि त्या छोट्या असेंब्लरइतकाही प्रामाणिक नाही.

मॅक्रो काढून टाक. रंगीत आउटपुट काढून टाक. ती खिडकी, ते बटण, सगळं काढ. मूळ काम होईपर्यंत त्यातलं काही मला दाखवू नकोस.

सूत्र काढून तक्ता लिही. १५१ नोंदी, हाताने, मॉसच्या प्रोग्रॅमिंग मॅन्युअलवरून. प्रत्येक नोंदीत सूचना, मोड, ऑपकोड, लांबी. तक्त्यात जोडी सापडली नाही तर दोनच वाटा: ॲब्सोल्यूटमध्ये अर्थ न बदलता तेच सांगता येत असेल तर ते घ्यायचं, नाही तर थांबायचं. मूक तिसरी वाट नाही. पार्सरमध्ये ‘कंस आहे का’ एवढंच विचारून चालणार नाही. ($१०,एक्स) आणि ($१०),वाय यांत कंस कुठे बंद होतो यावर सगळा अर्थ आहे, आणि कुणी ‘एलडीए (४+२)*२’ लिहिलं तर ते इंडायरेक्ट नव्हे, साधं गणित आहे. अक्षर-अक्षर वाचून टोकन पाड. ओळीचे तुकडे स्वल्पविरामावर तोडून हे होणार नाही.

जेएमपी इंडायरेक्टचा पत्ता पानाच्या शेवटी, म्हणजे $एफएफ वर संपत असेल तर इशारा दे. ६५०२ पत्त्याचा वरचा बाइट पुढच्या पानावरून न आणता त्याच पानाच्या सुरुवातीवरून आणतो, आणि लिहिणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही. रोमच्या शेवटच्या सहा बाइटांतले तीन व्हेक्टर, $एफएफएफए, $एफएफएफसी, $एफएफएफई, तू थेट आकडे टाकून भरलेस. ते लेबलांवरून आले पाहिजेत, खालचा बाइट आधी. फाइलच्या १६ बाइटांच्या हेडरमध्ये कोडचे १६ किलोबाइटचे किती तुकडे आहेत तो आकडाही तू कायमचा १ लिहून ठेवलायस. मोजून लिही.

मग तपास. सीसी६५ च्या संचातला सीए६५ तुझ्या लॅपटॉपवर बसव. तीच सोर्स फाइल दोघांना दे, दोन आउटपुट बाइट-बाइट ताडून बघ. फरक पडला तर प्रत्येक फरकाचं कारण लिही. ‘त्याचं चुकलं असेल’ हे कारण मी ऐकून घेणार नाही. १५१ सूचनांची एक फाइल कर, प्रत्येक नोंद एकदा तरी येईल अशी. आणि दुसरी फाइल कर जिची प्रत्येक ओळ नाकारली गेलीच पाहिजे: एसटीए इमीजिएट, लांबची ब्रँच, दोनदा ठेवलेलं लेबल, कधीच न ठेवलेलं लेबल, $१०० हा आकडा एका बाइटमध्ये कोंबायचा प्रयत्न. प्रत्येक ओळीला असा एरर मेसेज आला पाहिजे की वाचणाऱ्याला काय चुकलं आणि कितव्या ओळीवर ते कळेल. ‘अवैध इनपुट’ हा मेसेज नव्हे, ती टाळाटाळ आहे.

व्हायवाला मी तुला ‘टू-पास असेंब्लर म्हणजे काय’ विचारणार नाही. लिस्टिंग प्रिंट करून आण: डावीकडे पत्ता, मध्ये बाइट, उजवीकडे तुझी ओळ. मी कुठल्याही बाइटवर बोट ठेवीन आणि तो तिथे का आला ते विचारीन. पहिल्या पासला काय माहीत होतं, दुसऱ्याला काय कळलं, तक्त्यातली कुठली नोंद लागली, ते तू सांगशील. आणि नाकारलेल्या ओळींची फाइल आधी चालवून दाखवशील, गेम नंतर.

तुला हे जमेल. जमणार नसतं तर मी एवढा वेळ बोलले नसते, सही करून फाइल परत दिली असती. चल, लॅपटॉप उघड. पहिल्या पासमधलं ते लांबी ठरवणारं फंक्शन आणि ब्रँचमधला तो मास्क, दोन्ही माझ्यासमोर काढ.